फायसारम उलट्या दिशेला पळतोय? आधी खिडकी बघ

प्लेटवर वाढवलेला तुझा फायसारम (स्लाइम मोल्ड, म्हणजे बुळबुळीत पसरत सरकणारा एकपेशी जीव) खायला ठेवलेल्या ओट्सकडे न जाता भलतीकडे सरकतोय, तर आधी उजेड कुठून येतो ते बघ. हा पिवळा जीव उजेडापासून पळतो. आणि काही दिवस उपाशी ठेवून उजेडात आणलास, तर सरळ बीजाणू धरतो. मग तो नमुना कामातून गेलाच. प्लेट अंधारात, साधारण 25 अंशांवर ठेव. आगर (प्लेटमधली जेली) सुकलं तर फायसारमचा कडक पापुद्रा होतो. (मेला समजून मी पहिला फेकून दिला होता. ओलं केलं की उठतो!)

खरी गोम पुढे आहे. 2000 साली जपानी शास्त्रज्ञ नाकागाकींनी फायसारमवर चक्रव्यूहाचा गाजलेला प्रयोग केला, त्यात जीव आधी सगळ्या वाटांत पसरू दिला होता, मग दोन टोकांना ओट्स ठेवले. म्हणजे तो एका टोकापासून वाट शोधत गेला नव्हता, पसरलेल्यातून जवळची वाट तेवढी राखली. जंगलात कुजक्या लाकडावर तो जीवाणू नि बुरशी खातो, त्यामुळे तुझ्या प्लेटवरचं वागणं म्हणजे त्याचा स्वभाव असं धरून चालू नकोस. शिवाय तो मागे चिकट माग सोडतो आणि तिथे परत जायचं टाळतो. म्हणून दर प्रयोगाला नवी प्लेट घे. किती तास उपाशी ठेवलास, तेही वहीत लिही.