तारापूरला ठेकेदाराकडे मजुरी करणं सुरक्षित आहे का?

तुमच्या भावाला तारापूर अणुवीज केंद्रात ठेकेदारामार्फत काम मिळतंय आणि घरचे किरणोत्साराला घाबरलेत, असं तुम्ही लिहिलंय. आधी एवढंच विचारा: काम नियंत्रित क्षेत्राच्या, म्हणजे किरणोत्सार असू शकतो म्हणून ये-जा आणि काम नियमांनी बांधलेल्या भागाच्या, आत आहे की बाहेर? बाहेरची बागकाम, खोदकाम, रंगकाम ही इतर कारखान्यांसारखीच.

आत, विशेषतः दुरुस्तीसाठी अणुभट्टी बंद असते तेव्हा, परांची बांधणं, पाइपांवरचं उष्णतारोधक आवरण काढणं, फरशी पुसणं अशी कामं असतात. तिथे छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणोत्सार पडला ते मोजणारा बिल्ला, लागतोच. कामगाराच्या डोसची, म्हणजे शरीराला मिळालेल्या किरणोत्साराची, मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट (हे डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. अठरा वर्षांखालच्यांना हे काम देताच येत नाही.

बॅज घरी विसरला म्हणून दुसऱ्याचा लावून आत जायचं नाही, मुकादम कितीही घाई करो. ती नोंद भावाच्या शरीराची आहे, ठेकेदाराची नव्हे! आज तारापूर, उद्या कर्नाटकातलं कैगा अणुवीज केंद्र असं फिरलं तरी डोस बेरजेतच धरला जातो, म्हणून काम सोडताना आपला आकडा लिहून घ्यावा. आत खाणं, तंबाखू, विडी पूर्ण बंद. किरणोत्सारी धूळ पोटात गेली तर ती धुऊन काढता येत नाही.

उंचीवरून पडणं, वाफेने भाजणं, विजेचा धक्का यांची मला जास्त काळजी वाटते. पट्टा, हेल्मेट, पीएफ आणि विमा यांचं पहिल्याच दिवशी विचारा.