जुने लॅपटॉप जोडून संशोधनासाठी टीम करायची आहे. प्रकल्प कोणता घ्यावा आणि क्रमवारीत लवकर वर कसे यावे?

आपण लिहिले आहे की आपण ऐरोलीत राहता, महाविद्यालयातील चार मित्रांकडे मिळून बरेच जुने लॅपटॉप पडून आहेत, ते सगळे फोल्डिंग ॲट होमसारख्या (म्हणजे लोकांच्या घरच्या संगणकांवर प्रथिनांचे गणित वाटून करून घेणाऱ्या आणि त्याबद्दल पॉइंट देणाऱ्या) प्रकल्पाला जोडून टीम उभी करायची आहे आणि क्रमवारीत लवकर वरचा क्रमांक मिळवायचा आहे. टीम करण्याचा विचार चांगला आहे. जुन्या लॅपटॉपांची गर्दी आणि क्रमवारी या दोन्ही गोष्टी मात्र डोक्यातून काढून टाकाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नेमक्या याच दोन गोष्टींवरून आमची ठाण्यातली टीम फुटली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, त्याच सुमारास फोल्डिंग ॲट होमने करोना विषाणूच्या प्रथिनांवर काम सुरू केले आणि आम्ही काही नातेवाईक व परिचित मंडळी एकत्र आलो. मी चरईत राहतो. माझ्याकडे एक बऱ्यापैकी डेस्कटॉप होता. वाशीच्या माझ्या भाच्याकडे गेम खेळण्यासाठी घेतलेले ग्राफिक्स कार्ड होते. नौपाड्यातील रसायनशास्त्राच्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे नुसते ‘बाई’ म्हणतो, त्यांचा साधा घरगुती संगणक होता. आणि घणसोलीचे माझे साडू, जे एका मोठ्या कंपनीच्या संगणक विभागात वरच्या पदावर आहेत, त्यांच्याकडे लॅपटॉपच लॅपटॉप होते: काही घरातले जुने, तर काही कंपनीने कर्मचाऱ्यांना घरून काम करण्यासाठी देण्याकरिता त्यांच्याकडे सोपवलेले आणि अजून वाटले न गेलेले.

साडूंनी पहिल्याच आठवड्यात ती सगळी यंत्रे टीमच्या क्रमांकावर जोडली आणि ग्रुपवर त्यांचा फोटोही टाकला. जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडलेले लॅपटॉप आणि वर पूर्ण वेगाने फिरणारा पंखा असे ते दृश्य होते. त्या फोटोचे सर्वांनी कौतुक केले. काही दिवसांनी टीमचे आकडे पाहिले, तर भाच्याच्या एकट्या कार्डाचे पॉइंट साडूंच्या सगळ्या लॅपटॉपांच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक होते आणि बाईंचा एकच संगणकही त्यांच्या फारसा मागे नव्हता. साडूंचा पहिला निष्कर्ष असा की भाच्याने काहीतरी लबाडी केली आहे, आणि तो त्यांनी सर्वांसमक्ष बोलून दाखवला. मुलगा दुखावला, त्याची आई दुखावली, आणि विज्ञानासाठी काढलेला ग्रुप कौटुंबिक कज्जाचा ग्रुप झाला.

वस्तुस्थिती सरळ होती. या प्रकल्पात प्रथिनाच्या रेणूची हालचाल गणिताने पुढे नेली जाते आणि त्यातील प्रत्येक पायरी काही फेम्टोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दहा लाखाव्या भागाच्या मापाची असते. एका संगणकाला हे सगळे झेपत नाही म्हणून त्या हालचालीचे तुकडे करून ते वाटले जातात, परंतु एका मालिकेतील पुढचा तुकडा मागच्या तुकड्याचे उत्तर परत आल्याशिवाय तयारच होऊ शकत नाही. बाईंनी हे ऐकताच म्हटले होते, ‘म्हणजे स्वेटरची मागची ओळ पुरी झाल्याशिवाय पुढची घालता येत नाही, तसेच की.’ त्यामुळे प्रत्येक तुकड्याला दोन मुदती असतात. पहिली उलटली की तोच तुकडा दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो आणि आपला बोनस जातो. दुसरी उलटली की आपल्या उत्तराला पॉइंटच मिळत नाहीत. बोनस मिळण्यासाठी आधी पासकी (प्रकल्पाकडून मिळणारा आपल्या ओळखीचा संकेत) घ्यावी लागते, तिच्यावर दहा तुकडे पूर्ण करावे लागतात आणि घेतलेल्यांपैकी किमान ८० टक्के तुकडे मुदतीत परत गेलेले असावे लागतात. त्यानंतरचा बोनस वर्गमुळाच्या सूत्राने वाढतो, म्हणजे जितके लवकर परत कराल तितके अधिक पॉइंट. भाच्याचे कार्ड तुकडे झपाट्याने पुरे करून परत करत होते. साडूंचे लॅपटॉप तुकडा घेत, तापत, मंदावत, कोणीतरी झाकण मिटले की झोपी जात आणि मुदत उलटून गेल्यावर जागे होत. असे यंत्र मदत तर करत नाहीच, उलट ज्या मालिकेचा तुकडा ते धरून बसते ती मालिका तेवढा काळ अडवून ठेवते.

बाईंच्या संगणकाला ग्राफिक्स कार्ड नव्हते. त्यावर क्रोशाचे विणलेले आवरण असे, ते काम सुरू असताना त्या काढून बाजूला घडी करून ठेवत, कारण हवा खेळती राहिली पाहिजे हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. शेजारी एक वही होती. तिच्यात प्रकल्पाचा क्रमांक, तो कोणत्या रोगासाठी आहे ते आणि त्याखाली काम किती टक्के झाले याच्या ‘सकाळी ३४, रात्री ८१, पहाटे पाठवले’ अशा नोंदी असत. वीज गेली तर आल्यावर त्या आधी फ्रिज पाहत आणि मग काम जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले आहे की नाही ते पाहत. (ते होते, प्रोग्राम ठरावीक अंतराने आपली प्रगती साठवून ठेवतो.) त्यांचा एकही तुकडा मुदतीबाहेर गेल्याचे मला आठवत नाही. माझ्या मते टीमची खरी सदस्य अशी असते आणि हे मी साडूंनाही तोंडावर सांगितले आहे.

दुसरा वाद कंपनीच्या लॅपटॉपांवरून झाला. त्यावर साडूंचे म्हणणे असे की यंत्रे पडूनच आहेत, काम समाजोपयोगी आहे, मग बिघडले कुठे? बिघडले असे की यंत्र आपले नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील एका तंत्रमहाविद्यालयाच्या कर्मचाऱ्याने तेथील संगणकांवर अशाच प्रकारचा एक प्रोग्राम परवानगीविना चालवला, त्याच्यावर फौजदारी खटला झाला आणि २००२ मध्ये तडजोड होईपर्यंत तुरुंगवासाची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर राहिली. मी हे उदाहरण दिले तेव्हा साडू म्हणाले की मी घाबरट आहे. त्यानंतर त्यांनी स्वतःची वेगळी टीम काढली. तिचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही.

त्यांचा तिसरा मुद्दा आजही प्रत्येक लग्नकार्यात निघतो, म्हणून त्याचेही उत्तर इथे लिहून टाकतो. ते म्हणतात की २०२० च्या अखेरीस आल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रामची दुसरी आवृत्ती आली, त्याच्या निर्मात्यांना २०२४ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटाही मिळाला, तेव्हा घरोघरच्या संगणकांनी जाळलेली वीज फुकट गेली. हे चुकीचे आहे. आल्फाफोल्ड प्रथिनाचा घडी घातलेला आकार वर्तवते. फोल्डिंग ॲट होम तो आकार हलतो कसा, उघडतो कुठे आणि औषधाला शिरायला जागा केव्हा होते, हे पाहते. करोनाच्या काट्याचे प्रथिन किती मोठे उघडते आणि विषाणूच्या इतर प्रथिनांत कोणत्या खाचा एरवी झाकलेल्या राहतात, हे स्वयंसेवकांच्या संगणकांनी मिळून केलेल्या एकूण ०.१ सेकंदाच्या हालचालीच्या गणितातून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तो ०.१ सेकंद ऐकायला हास्यास्पद वाटतो. वरच्या फेम्टोसेकंदांशी ताडून पाहावा. शिवाय त्याच नोबेलचा अर्धा भाग ज्या डेव्हिड बेकर यांना मिळाला, त्यांच्याच प्रयोगशाळेचा रोझेटा ॲट होम हा प्रकल्प २००५ पासून लोकांच्या घरच्या संगणकांवर चालत आला आहे, ही गोष्ट साडू सोयीस्करपणे विसरतात.

एक मात्र मान्य केले पाहिजे. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये इतके लोक एकदम आले की प्रकल्पाची एकूण क्षमता एक एक्साफ्लॉपच्या पुढे, म्हणजे त्या काळच्या कोणत्याही महासंगणकाच्या पलीकडे गेली आणि वाटायला तुकडेच पुरेनात. आमचे संगणक कित्येक तास नुसते वाट पाहत बसत. साडूंनी त्यालाही थोतांड म्हटले होते, पण त्या दिवसांत नवीन यंत्रे जोडण्याचा उपयोग खरोखरच कमी होता.

आता प्रकल्पाविषयी. चांगले ग्राफिक्स कार्ड असेल तर फोल्डिंग ॲट होम घ्यावे. नसेल तर बॉइंक (असे अनेक प्रकल्प चालवणारा प्रोग्राम) घेऊन त्यातून आकाशातील संकेत तपासणारे आइन्स्टाइन ॲट होम किंवा मुख्यतः आरोग्यविषयक संशोधनाचे वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड निवडावे. तिथले तुकडे एकमेकांवर तितके अवलंबून नसतात, त्यामुळे मंद यंत्रही कोणाला अडवत नाही. हवामानाचे गणित करणाऱ्या क्लायमेट प्रेडिक्शनची कामे लांबलचक असतात आणि मध्येच वीज गेल्यास बिघडण्याचा संभव असतो, म्हणून इन्व्हर्टर नसल्यास त्याच्या वाटेला जाऊ नये. क्रमवारीबद्दल एवढेच सांगतो की २०१० मध्ये आइन्स्टाइन ॲट होममधून जो पल्सार (वेगाने फिरत नियमित स्पंद पाठवणारा तारा) सापडला, त्याचे श्रेय आयोवातील एका दांपत्याला आणि जर्मनीतील एका गृहस्थाला मिळाले ते ती विदा त्यांच्या संगणकांवर तपासली गेली म्हणून. त्यात क्रमवारीचा काहीही संबंध नव्हता. टीम लागते ती माणसांनी कंटाळून सोडून जाऊ नये म्हणून. विज्ञानाला आपल्या टीमचे नावही ठाऊक नसते.

खर्चाचे गणित आधी करून ठेवावे. १०० वॉट जादा वीज घेणारे यंत्र दिवसरात्र चालले तर महिन्याला ७२ युनिट होतात आणि महावितरणचे दर १००, ३०० व ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढतात, त्यामुळे आधीच ३०० च्या काठावर असलेल्या घराला ते जड जाते. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये मी फक्त रात्री चालवतो, कारण त्या खोलीत दुपारी माणसालाच बसवत नाही. लॅपटॉप चालवायचाच असेल तर मोजक्याच कोअरवर चालवावा, खालून हवा जाऊ द्यावी आणि बॅटरी किंचितही फुगलेली दिसली तर तो अजिबात चालवू नये. यंत्र खराब होते का, याचे माझे उत्तर ‘धूळ काढत राहिलात तर सहसा नाही’ असे आहे. पंखे मात्र लवकर झिजतात. मी जीवशास्त्राचा अभ्यासक नाही आणि ग्राफिक्स कार्डाबाबत माझी माहिती भाच्याकडून आलेली आहे, हेही लक्षात घ्यावे.

आपल्या चौघांपैकी कोणी वसतिगृहात किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहत असेल, तर तेथील वीज त्याची नाही. त्याने रेक्टरांना किंवा घरमालकांना आधी विचारावे, आणि ते नाही म्हणाले तर त्याचे यंत्र टीमच्या हिशेबात धरू नये.