मुलीने क्यूसी धरावी की प्लँटमधली हवा मोजावी?

प्रश्न : मी लोटे एमआयडीसीत ऑपरेटर आहे. मुलगी चिपळूणला टीवायबीएस्सीला आहे, विषय केमिस्ट्री. क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, चिकटेल असं वाटत होतं, पण आता ती इंडस्ट्रियल हायजीन, म्हणजे कामाच्या जागेची हवा मोजण्याचं काम, म्हणते. ज्या वासापासून लांब राहावी म्हणून तिला शिकवलं, त्याच वासात ती जाणार का? आणि यात पुढे काही आहे का?

उत्तर : नमस्कार. प्लँटमध्ये जावं लागेल, हे लपवत नाही. पण ती तिथे शिफ्ट काढायला नाही, तुमच्यासारख्यांच्या नाकात किती जातंय ते मोजायला जाईल.

हे काम वास घेऊन होत नाही. टोल्युइन, झायलीनसारख्या सॉल्व्हंटसाठी बोटभर लांबीची, पेन्सिलीहून बारीक काचेची नळी असते. आत नारळाच्या करवंटीपासून केलेला कोळसा, दोन कप्प्यांत : पुढे 100 मिलिग्रॅम, मागे 50. नळी कामगाराच्या कॉलरला, तिच्यातून हवा ओढणारा छोटा पंप कमरेच्या पट्ट्याला. लॅबमध्ये कोळशात अडकलेलं सॉल्व्हंट कार्बन डायसल्फाइडने सोडवून जीसीवर, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रावर, मोजतात. मागच्या कप्प्यात पुढच्याच्या दहा टक्क्यांहून जास्त निघालं, तर पुढचा कोळसा भरून माल मागे गळलाय असं समजायचं. तो आकडा विश्वासाचा नाही.

खरी कसोटी आकड्याचा अर्थ लावण्यात आहे. भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीने, फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये रसायनांच्या मर्यादा आल्या. अमोनियाला आठ तासांची सरासरी 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग), पंधरा मिनिटांची 35. समजा एखाद्याला सहा तास 10 पीपीएम आणि दोन तास 40 मिळाले. सरासरी येते 17.5, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण त्या दोन तासांत पंधरा मिनिटांची मर्यादा सरळ मोडली. हे रिपोर्टात लिहायचं आणि मॅनेजरसमोर त्यावर ठाम राहायचं. भिडस्त माणसाचं हे काम नव्हे. तुमची मुलगी कशी आहे, ते तुम्हालाच ठाऊक.

आता पोटापाण्याचं. क्यूसीत जागा जास्त, हे खरं. इकडे सुरुवात बहुधा एखाद्या एन्व्हायर्न्मेंट लॅबमध्ये होते : आज चिमणीचे नमुने, उद्या कामाच्या जागेचे. फिरती फार, सुरुवातीचा पगार बेताचा. मुलीला फिरती झेपेल का, असं विचाराल, तर मुलालाही हाच प्रश्न विचारला असतात का, एवढंच म्हणेन. पदव्युत्तर शिक्षणासाठी गुजरातेत वल्लभ विद्यानगरला इंडस्ट्रियल हायजीन अँड सेफ्टीची एमएस्सी आहे. मुंबईत सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये इंडस्ट्रियल हायजीनचा स्वतंत्र विभागच आहे. तिथला एक वर्षाचा सेफ्टीचा डिप्लोमा मात्र अनुभव घेतल्यावर बघा. ती सेफ्टी ऑफिसरची वाट आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

माझं मत : तिला जाऊ द्या, पण थेट एमएस्सीला नको. आधी वर्षभर लॅबमध्ये काढू दे. जीसीवर हात बसला, तर पुढे मन बदललं तरी क्यूसीत तो अनुभव चालतोच.

मुलाखतीत तिने दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. पंपाचा फ्लो शिफ्टच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासता का? आणि नमुन्यांबरोबर हवा न ओढलेली कोरी नळी लॅबला पाठवता का? उत्तर गुळमुळीत आलं, तर पगार कितीही चांगला असो, तिथे शिकायला काही मिळणार नाही.