मोटारीवर चालणाऱ्या खिडकीच्या पडद्यांसाठी मुदत ठेव मोडावी का?

जळगावच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, सहा खिडक्यांना मोबाइलवरून चालणारे रोलर ब्लाइंड (मोटारीने गुंडाळले जाणारे पडदे) बसवण्याचे 1,32,000 रुपयांचे कोटेशन आले असून, एसीच्या बिलातून खर्च वसूल होईल असे विक्रेता सांगतो. तर त्यासाठी ठेव मोडावी का?

ताई, आधी वसुलीचेच पाहू. तुम्ही पाठवलेल्या बिलांनुसार मार्च ते जून या चार महिन्यांत एरवीपेक्षा सुमारे 16,000 रुपये जास्त जातात. पडद्यांमुळे त्यातला चौथा हिस्सा वाचेल असे सढळ हाताने धरले, तरी वर्षाचे 4,000 रुपये होतात; उलट 7 टक्क्यांच्या ठेवीतून एवढी रक्कम काढली की वर्षाला 9,240 रुपयांचे व्याज बुडते, मुदतपूर्व मोडण्याचा दंड वेगळाच. शिवाय 3 लाखांची ही ठेव म्हणजे अडीअडचणीसाठीची तुमची एकमेव पुंजी आहे. तिला हात लावू नका.

ऊन अडवते ते कापड, मोटार नव्हे. त्यातही काचेच्या आतला पडदा ऊन घरात शिरल्यावर अडवतो, तर बाहेर टांगलेली बांबूची चिक किंवा वाळ्याची ताटी ते काचेपर्यंत पोहोचूच देत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात गेला की भुसावळला आमच्या पश्चिमेच्या खिडकीवर ताटी लागते आणि दुपारी तिच्यावर तांब्याने पाणी मारायचे काम माझ्याकडे असते. ते मी निम्म्या वेळा विसरतो.

मोटारीचा उपयोग आहे तो अशा विसरण्यावर. तुम्ही दोघे शाळेत असताना पडदा ठरल्या वेळी आपोआप उतरतो, आणि जिन्यातल्या उंच खिडकीसाठी सासूबाईंना स्टुलावर चढावे लागत नाही. म्हणून पश्चिमेची एक आणि जिन्यातली एक, अशा दोनच खिडक्या घ्या; तुमच्या कोटेशनच्या दराने 44,000 रुपये होतात. महिना 4,000 रुपयांची आवर्ती ठेव सुरू केल्यास ते 11 महिन्यांत जमतील. बाकीच्या चार खिडक्यांना चिका पुरेत.

नवे कोटेशन मागताना ‘मॅटर’ या, वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणे एकमेकांशी जुळावीत यासाठीच्या प्रमाणकाची, चार्ज होणाऱ्या बॅटरीची मोटार मागा. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या या प्रमाणकात खिडकीचे पडदे पहिल्या आवृत्तीपासून आहेत, त्यामुळे एकाच कंपनीच्या ॲपशी बांधले जाण्याची भीती कमी होते. वीज गेली की राउटरही बंद पडतो, तेव्हा सोबत साधा रिमोट हवाच. आणि मोटार बिघडल्यास दुरुस्तीला माणूस जळगावातून येणार की मुंबईहून, हे लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.