पाच व्हॉइसचा प्रॉफेट आणि सात जणांचे ॲडव्हान्स

प्रश्न : वय ३८, नोकरी करतो. घरी पत्नी आणि सात वर्षांची मुलगी. जुन्या ॲनलॉग सिंथेसायझरचं वेड आहे आणि चार वर्षांपासून संध्याकाळी लोकांची मशिनं दुरुस्तीलाही घेतो. ओळखीतल्या एकाकडे प्रॉफेट-५ हा सिंथेसायझर, रेव्हिजन ३ (तिसरी आवृत्ती) आहे. 'अनटेस्टेड' म्हणून तो ६०० ला देतोय; चालू स्थितीतला ७५० ला जातो. दुरुस्ती मी ६० मध्ये करीन. पाच वर्षांत किंमत दुप्पट होईल असा अंदाज आहे. एंडोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र असलेली) सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर ४३० मिळतात, उरलेले बचतीतून घालीन. हे करावं, की तेच पैसे माझ्याकडच्या पॉलीसिक्स आणि ज्युनो-१०६ या दोन सिंथेसायझरच्या दुरुस्ती-अपग्रेडवर लावावेत?

(पत्रलेखकाची ओळख राहू नये म्हणून त्यांचा हातात पडणारा महिन्याचा पगार १०० धरला आहे आणि बाकी सगळे आकडे त्याच प्रमाणात बदलले आहेत. म्हणजे प्रॉफेटचे ६०० हा सहा महिन्यांचा पगार.)

उत्तर : प्रॉफेट घेऊ नका. कारणं पुढे देतो, पण आधी दुसरंच बोलायचं आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही 'इतर माहिती' म्हणून एक ओळ लिहिली आहे : "बँकेत १५० आहेत, त्यात कामांचे ॲडव्हान्सही आले." ती वाचून मी प्रॉफेट बाजूला ठेवला आणि तुम्ही सोबत पाठवलेली कामांची यादी काढून बसलो.

यादीत सात मशिनं आहेत, सात मालकांची. ॲडव्हान्सची बेरीज तुम्ही केलेली नाही, म्हणून मी केली. ती २६० होते. खात्यात १५०, आणि लोकांचं देणं २६०. तुमची बचत १५० नाही, उणे ११० आहे. आणि या बचतीतून तुम्ही सहा महिन्यांच्या पगाराचं यंत्र घ्यायला निघाला आहात.

पैसे गेले कुठे, तेही तुमच्याच पत्रात आहे. मागच्या वर्षी पॉलीसिक्स घेतला 'दुरुस्तीच्या कमाईतून', त्याच्या आधी ज्युनो तसाच. कमाई कसली? मशीन दुरुस्त होऊन, तासभर वाजवून बघून, मालकाच्या हातात जाईपर्यंत त्याने दिलेला पैसा त्याचाच असतो. उद्या सातही जणांनी "राहू दे, मशीन आणि पैसे परत कर" म्हटलं तर काय कराल? खातं रिकामं होईल आणि तरी पुरणार नाही.

दुरुस्तीतून महिन्याला २५ मिळतात असं तुम्ही धरता. वर्षाचे ३०० आले हे खरं. पण त्यातले २०० अजून न झालेल्या कामांचे ॲडव्हान्स आहेत. पुऱ्या झालेल्या कामांचे १००, त्यातून कॅपॅसिटर, चिप, पोटेन्शिओमीटर, कुरिअर असे ६० गेले. उरले ४०. महिन्याला तीन-साडेतीन. पंचवीस आणि साडेतीन यांतला फरक म्हणजे तुमचा पॉलीसिक्स.

तुम्ही लबाडी केलीय असं मी म्हणत नाही. संध्याकाळचा उद्योग करणारे बहुतेक जण पगाराच्याच खात्यात ॲडव्हान्स घेतात आणि खात्यातला आकडा फुगला की हात सैल होतो. पण यादीतल्या मेमरीमूगकडे जरा नीट बघा. त्याचे ९० घेऊन कित्येक महिने झाले. सहा व्हॉइस (एका वेळी वाजू शकणारे सूर), प्रत्येकात तीन ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारे भाग), म्हणजे अठरा ऑसिलेटर सुरात आणायचे. मशीन तापलं की ते सरकतात, आणि आतल्या कनेक्टरांनी त्रास दिला की काल बरा झालेला व्हॉइस आज पुन्हा मुका. तुम्हीच लिहिता, "हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे की काय असं वाटतं." मग मालकाला कळवलंत का? पत्रात तसं काही दिसत नाही.

आणखी एक. सात परकी मशिनं तुमच्या खोलीत आहेत. शॉर्टसर्किट झालं, वरच्या मजल्याचा पाइप फुटला, चोरी झाली, तर भरपाई कोण देणार? घराच्या विम्यात बहुधा व्यवसायासाठी आणलेल्या परक्या वस्तू बसत नाहीत. घरविम्याचे कागद काढून ते कलम आजच वाचा. आणि तुमचंच काही बरंवाईट झालं तर? कुठलं मशीन कोणाचं, त्याने किती दिले, कुठला बोर्ड कुठल्या डब्यात काढून ठेवलाय, हे घरात दुसऱ्या कोणाला माहीत आहे? दारात सात माणसं उभी राहतील आणि तुमच्या पत्नीकडे त्यांना दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नसेल.

आता ही भोकं बुजवायची. त्यासाठी पॉलिसी मोडावी लागत नाही, कर्जही नको. तुमच्या यादीत तीन मशिनांपुढे 'फक्त कॅलिब्रेशन बाकी', म्हणजे सूर जुळवणं बाकी, असं लिहिलंय. प्रॉफेट-६०० त्यातच आहे (हे वेगळं मॉडेल, यातले ६०० म्हणजे किंमत नव्हे). या तिघांचे ॲडव्हान्स मिळून ९०, आणि मशीन देताना मिळायचे आणखी ७०. ही तीन आधी हातावेगळी करा. खात्यात २२० होतील, देणं १७० वर येईल. उणे ११० चे अधिक ५० झाले, तेही फक्त जुळणीचे स्क्रू (ट्रिमर) फिरवून. मग मेमरीमूगच्या मालकाला स्वतः फोन करा, जमत नाही म्हणून सांगा, मशीन आणि ९० परत द्या. उरलेल्या तीन कामांचे ८० वेगळ्या खात्यात टाका आणि ती संपेपर्यंत नवं मशीन घरात घेऊ नका. नोंदवही घाला : मालक, सीरियल नंबर, आल्या दिवशीचे फोटो, दोष, घेतलेली रक्कम, कबूल केलेली तारीख. एक प्रत पत्नीकडे. पुढच्या कामांना तपासणीचे पैसे आधी घ्या आणि सुट्या भागांपुरताच ॲडव्हान्स. अर्धी मजुरी आगाऊ घेतली की काम लांबतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता पॉलिसी. वर्षाला १२० हप्ता, मुदत २० वर्षं, सहा हप्ते गेले म्हणजे ७२० भरले. एजंटाने '९ टक्के' सांगितले होते म्हणता. त्याच्याच कागदावर शेवटी ३९०० मिळतील असं आहे, आणि त्यातला बोनसचा भाग हमीचा नाही. वर्षाला १२० असे २० वर्षं भरून ३९०० म्हणजे साडेचार टक्के. नऊ टक्क्यांनी ६,७०० च्या घरात जायला हवे होते. विकणारा कमिशन घेऊन मोकळा झाला, आणि तुम्हाला मिळालं काय? २००० चं विमा संरक्षण. महिन्याचा घरखर्च ६० आहे. पावणेतीन वर्षांत ते संपेल, तेव्हा मुलगी दहाचीही नसेल. याला विमाही म्हणवत नाही आणि गुंतवणूकही.

तरीही सरेंडर करू नका, आणि हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. तोटा व्हायचा तो होऊन गेलाय. आज ४३० काढून न घेता पॉलिसीतच राहू दिले आणि उरलेले १४ हप्ते भरले, तर या इथून पुढच्या पैशावर साधारण पावणेसात टक्के पडतात, अर्थात बोनस कागदाप्रमाणे आला तर. हे काही थोर नाही, पण मोडून त्याचं बंद पडलेलं यंत्र आणण्यापेक्षा बरं आहे. चडफडत का होईना, चालू ठेवा. विम्यासाठी वेगळा साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, घरखर्चाच्या पंधरा वर्षांएवढा, म्हणजे साधारण ११,००० चा. तुमच्या वयाला त्याचा हप्ता या पॉलिसीच्या हप्त्याचा लहानसा भाग असेल. शेवटी पैसे परत मिळणारा प्रकार कोणी पुढे केला तर उठून या.

आता प्रॉफेट. 'अनटेस्टेड' म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर कोणाला असणार? वायर लावून बटण दाबायला अर्धं मिनिट लागतं. सहा महिन्यांच्या पगाराची वस्तू विकणाऱ्याने ते दाबून पाहिलं नाही, यावर माझा विश्वास नाही. चालू ७५०, बंद ६००, म्हणजे आत काय बिघडलंय हे न सांगण्याबद्दल तो फक्त १५० सोडतोय. तुमचा दुरुस्तीचा अंदाज ६०. रेव्हिजन ३ मध्ये पाच व्हॉइसना मिळून दहा सीईएम ३३४० ऑसिलेटर चिप आणि पाच ३३२० फिल्टर चिप. शिवाय पॉवर सप्लाय, कीबोर्डचे संपर्कबिंदू, मेमरीची बॅटरी. न उघडलेल्या मशीनचा अंदाज मी दुप्पट धरतो : १२०. मग ६०० अधिक १२०, वाचले ३०. तुमच्या सगळ्या रात्रींची मजुरी ती एवढीच.

पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला १५ टक्के, दरवर्षी, न चुकता. कशाच्या जोरावर? 'टीबी-३०३ बघा' असं तुम्ही लिहिलंय. ते बास सिंथेसायझर १९८१ ला आलं, खपलं नाही, १९८४ मध्ये बंद झालं, लोकांनी कवडीमोलाने विकून टाकलं आणि पुढे ॲसिड हाउस नावाचं नृत्यसंगीत करणाऱ्यांनी त्याला सोन्याचा भाव आणला. खरंय. पण त्याच काळातले कितीतरी कीबोर्ड आजही कोणी विचारत नाही, त्यांचे किस्से कोणी सांगत नाही. शिवाय १९७८ च्या प्रॉफेट-५ ला आता स्पर्धा आहे. सीईएम ३३४० ही चिप २०१६ मध्ये पुन्हा बनू लागली, आणि २०२० मध्ये सीक्वेन्शियल कंपनीने प्रॉफेट-५ च नव्याने आणला, दोन्ही जुन्या पिढ्यांचे फिल्टर त्यात आहेत. ज्याला आवाज हवाय तो तिकडे जातो, वॉरंटी घेतो, नीट झोपतो. जुन्याला उरतो तो संग्राहक. त्याला भाव कळतो, आणि तो घासाघीसही जोरात करतो.

तरी उदार होऊन वर्षाला पाच टक्के वाढ धरू. ७५० चे पाच वर्षांत ९५७ होतील. विक्रीचं कमिशन, पेटी, वाहतूक मिळून १२ टक्के गेले, हातात ८४०. तुमचे लागलेले ७२०, वर्षाला १० देखभाल, एकूण ७७०. पाच वर्षांत ७० सुटले, म्हणजे वर्षाला दोन टक्केही नाहीत. एजंटाच्या पॉलिसीनेसुद्धा याहून जास्त दिले असते, आणि तिला कॅलिब्रेशन लागत नाही.

वाजवायला हवाय म्हणालात तर गोष्ट वेगळी. मग त्याला खर्च म्हणा, गुंतवणूक म्हणू नका, आणि हाताशी पैसे साठले की घ्या. पण तुम्हीच लिहिता की खोली दुसऱ्यांच्या मशिनांनी भरल्यापासून कित्येक महिने काही वाजवलेलं नाही.

राहिली तुमची स्वतःची दोन मशिनं. ज्युनो-१०६ चा तुम्ही सांगितलेला दोष, एक व्हॉइस मुका आणि एक खरखरणारा, अगदी ठरलेला आहे. १९८४ च्या या मशीनमध्ये प्रत्येक व्हॉइसला एक ८००१७ए चिप असते, आणि तिच्यावरचा इपॉक्सीचा लेप वर्षांनुवर्षांनी विद्युतगळती करू लागतो. ॲसिटोनमध्ये भिजवून तो लेप काढायचा किंवा नव्याने बनवलेली पर्यायी चिप बसवायची. तुम्ही दोन्ही कामं करता, खर्च किरकोळ. मशीन बरं करा आणि विका. चालू स्थितीत १२० येतील असं तुम्हीच लिहिलंय. काय काय बदललंय ते घेणाऱ्याला आधी सांगा आणि काढलेले मूळ भाग पिशवीत घालून सोबत द्या, त्याला भाव मिळतो. अपग्रेड किट मात्र विकायच्या मशीनवर लावू नका, तो खर्च विक्रीत परत येत नाही. स्वतःच्या हौसेसाठी जरूर लावा. प्रॉफेट-६०० वर जुना झेड-८० प्रोसेसर काढून छोटा बोर्ड बसवण्याचं अपग्रेड तुम्ही करून पाहिलंय, तेव्हा थोड्या पैशात नॉब फिरवताना आवाज पायऱ्यापायऱ्यांनी न बदलता किती सलग बदलतो हे तुम्हाला माहीत आहे.

ज्युनोचे १२० आणि वरचे ५० मिळून १७०. पगारातून घरखर्च ६० आणि पॉलिसीचे महिन्याचे १० गेले की ३० उरतात. त्यातले १५ छंदावर जातात म्हणता, जाऊ द्यात. उरलेले १५ साठवले तर वर्षात १८०. टर्म इन्शुरन्सचा हप्ता आणि सटरफटर धरून साधारण वर्ष-सव्वा वर्षात सहा महिन्यांच्या घरखर्चाचे ३६० जमतील. तोवर एकही मशीन विकत घ्यायचं नाही, अनटेस्टेड तर नाहीच.

पॉलीसिक्स ठेवा. पण तो वर्षभर न उघडता पडलाय म्हणता. त्याच्या बोर्डवर निकेल-कॅडमियमची बॅटरी असते, ती गळते आणि तिथले तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकते. तिच्याभोवती हिरवट-निळसर पापुद्रा दिसला तर ट्रॅक खाल्ले जायला लागलेत असं समजा. पत्र वाचून झालं की झाकण उघडा, बॅटरी काढून टाका, व्हिनेगरचा हात फिरवून बोर्ड पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा. नवी लिथियमची बॅटरी लावणार असाल तर चार्ज करणारी वाट आधी तोडा, साधी लिथियम बॅटरी चार्ज होऊ द्यायची नसते.