डी आणि बी-१२ कमी निघालं, म्हणून ताठरता कमी झाली असेल का?

तुम्ही लिहिलंय ते असं: वय ३८, शाकाहारी, दिवसभर बसून काम, व्हिटॅमिन डी ११, बी-१२ १४८. सहा-सात महिन्यांपासून ताठरता टिकत नाही, इच्छाही कमी झालीय. मेडिकलवाल्याने मल्टिव्हिटॅमिनचा डबा दिला आणि 'तीन महिन्यांत फरक पडेल' म्हणाला.

दोन्ही कमतरता खऱ्या आहेत आणि त्या भरून काढायलाच हव्यात. पण ताठरतेचं कारण त्याच आहेत असं धरून तीन महिने वाट बघत बसू नका. आपल्याकडे हे दोन आकडे इतक्या जणांचे कमी असतात की कोणत्याही तक्रारीसाठी रक्त तपासलं तरी ते लाल अक्षरांत छापून येतात. पुण्यात ४४१ पुरुषांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. या सगळ्यांना ताठरतेचा त्रास होता असं कोणी म्हणणार नाही.

ताठरता येते कशी ते आधी बघू. मेंदूकडून आणि मणक्यातून नसांवाटे संदेश येतो, नसांची टोकं आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात, लिंगातले स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं आणि आतल्या दाबामुळे बाहेर जायच्या वाटा दाबल्या जातात. म्हणजे नसा, रक्तवाहिन्या, हार्मोन आणि मन, या चारपैकी कुठेही बिघाड झाला तरी तक्रार एकच दिसते. कुठल्या कमतरतेचा यातल्या कशाशी संबंध येतो, हे बघायचं.

बी-१२ चा संबंध नसांशी आहे. ते दीर्घकाळ कमी राहिलं तर नसांवरचं आवरण खराब होतं, तळपायांना मुंग्या येतात, डोळे मिटून उभं राहिलं की तोल जातो, क्वचित लैंगिक संवेदनाही कमी होते. शिवाय रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल वाढतं, जे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्रासदायक मानलं जातं. १४८ पिकोग्रॅम हा आकडा कमीच आहे (२०० च्या खाली कमतरता धरतात, २०० ते ३०० काठावर). मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत बी-१२ बहुतेक वेळा अगदी थोडं असतं, त्यावर भागणार नाही. मुंग्या किंवा तोल जाणं असेल तर १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. नक्की वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. नसांची तक्रार नसेल तर रोज १००० ते १५०० मायक्रोग्रॅमची गोळीही चालते. इतक्या मोठ्या डोसातला जेमतेम एखादा टक्का आतड्यातून आपोआप शोषला जातो आणि तेवढा पुरतो. थकवा काही आठवड्यांत कमी होतो, नसांना मात्र सहा महिने ते वर्ष लागू शकतं आणि फार उशीर झाला असेल तर सगळं भरून येत नाही.

इथे एक चूक वारंवार होते: नुसतं फॉलिक ॲसिड सुरू करणं. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, सगळं ठीक वाटतं आणि नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. बी-कॉम्प्लेक्सच्या जास्त ताकदीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर त्यातल्या बी-६ मुळेच पायांना मुंग्या येऊ शकतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी पँटोप्रॅझोल बरीच वर्षं चालू असेल तर तेही बी-१२ कमी करतं. ते तुम्ही लिहिलं नाहीये. चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

डी बद्दल माझं मत जरा कोरडं आहे. ज्यांचं डी कमी त्यांच्यात ताठरतेच्या तक्रारी जास्त, असं अनेक पाहण्यांत दिसतं. पण लठ्ठ, मधुमेही, उन्हात न जाणारा माणूस दोन्ही यादीत असणारच. डी देऊन टेस्टोस्टेरॉन (पुरुषांचं मुख्य लैंगिक हार्मोन) वाढतं का हे तपासणाऱ्या प्रयोगांत ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. तरीही ११ नॅनोग्रॅम हाडांसाठी आणि स्नायूंसाठी वाईटच. नेहमीचा कोर्स ६०,००० युनिटची एक मात्रा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, दुधाबरोबर किंवा जेवणानंतर (चरबीबरोबर ते जास्त शोषलं जातं), मग महिन्याला एक. हीच गोळी लोक रोज घेतात किंवा वर्षभर दर आठवड्याला घेत राहतात. मग रक्तात कॅल्शियम वाढतं: मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि लघवी, पुढे मूत्रपिंडाला त्रास. खिडकीच्या काचेआडचं ऊन डी तयार होण्यासाठी निरुपयोगी आहे.

जस्त, म्हणजे झिंक, हे जीवनसत्त्व नाही, खनिज आहे. पण 'पुरुषांच्या' प्रत्येक डब्यावर ते असतं. त्यामागे खरी गोष्ट आहे. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधल्या शिराझला होते. तिथे त्यांना एकवीस वर्षांचा रुग्ण दिसला, दिसायला दहा वर्षांच्या पोराएवढा, वयात न आलेला. आहार जवळपास नुसती न आंबवलेली रोटी, वर माती खायची सवय. धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य जस्ताला धरून ठेवतं, शोषू देत नाही. पुढे इजिप्तमधल्या अशाच रुग्णांत जस्ताची कमतरता मोजून दाखवली गेली. तीव्र कमतरतेने वृषणांची वाढ थांबते हे सिद्धच आहे. पण डाळ, दूध, दाणे खाणाऱ्याला वरून जस्त दिल्याने ताकद वाढते, हा त्यातून ओढूनताणून काढलेला अर्थ आहे. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २०२०) पुरुषांना सहा महिने ३० मिलिग्रॅम जस्त आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं. शुक्राणूंची संख्या, हालचाल सुधारली नाही, मुलंही जास्त झाली नाहीत, पोटाच्या तक्रारी मात्र वाढल्या. कोरोनाच्या काळातल्या ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या घरात उरल्या असतील तर रोज घेऊ नका. दिवसाला ४० च्या वर दीर्घकाळ गेलं की तांबं कमी होतं आणि त्याने होणारा नसांचा त्रास हुबेहूब बी-१२ च्या कमतरतेसारखा दिसतो. त्यापेक्षा मोड आलेली मटकी आणि नाचणीची आंबील बरी; भिजवल्याने आणि आंबवल्याने फायटेट कमी होतं.

आता जे आधी करायला हवं होतं ते. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि सकाळी ७ ते १० च्या दरम्यान टेस्टोस्टेरॉन. ते ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, सोबत प्रोलॅक्टिन हे दुसरं हार्मोन. संध्याकाळी काढलेल्या रक्तावरून 'टेस्टोस्टेरॉन कमी' म्हणणं चूक, कारण ते दिवसा उतरतंच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. काही यंत्रांवर त्याने टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि टीएसएच खोटं कमी येतं. रक्तदाब आणि पोटाचा घेरही मोजून घ्या. तंबाखू, सिगारेट, रोजची दारू, जोरदार घोरणं हेही खरं खरं सांगा. केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइड, नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्रॅम, रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल यांतलं काही चालू असेल तर तेही कारण असू शकतं, पण स्वतःहून बंद करू नका.

पहाटेची ताठरता येते का, हे आठवून बघा. ती नीट येत असेल आणि जोडीदाराबरोबरच अडचण असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या बऱ्यापैकी शाबूत आहेत. ताण, भीती, नात्यातली कुरबुर याकडे बघावं लागेल. पहाटेची ताठरताही हळूहळू कमी झाली असेल तर शरीराचं कारण शोधा. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे धमन्या अरुंद होण्याची पहिली खूण कधी कधी इथेच दिसते, हृदयविकाराच्या दोन-तीन वर्षं आधीसुद्धा. चालताना छातीत दडपण येत असेल तर लैंगिक तक्रार बाजूला ठेवून आधी हृदयाची तपासणी करा.

सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट औषध घेणाऱ्याने तर मुळीच नाही, रक्तदाब एकदम कोसळतो. आणि 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या, घेतल्यावर तासाभरात असर दाखवणाऱ्या पुड्यांपासून लांब राहा. अशा वनस्पती सहसा इतक्या घाईने काम करत नाहीत. अशा पुड्यांत न सांगता मिसळलेलं सिल्डेनाफिल अनेकदा सापडलेलं आहे.