फोडणीला हेल्मेट कशाला?

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो आणि पुढचा आठवडाभर सुरक्षा सप्ताह. कारखान्यात शपथ घेऊन, छातीला बिल्ला लावून घरी आलेली मंडळी उरलेला उत्साह स्वयंपाकघरात सांडतात. मग त्यांच्या बायका, सासवा आणि वडील मला लिहितात. रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून माझी उभी हयात गेली, त्यामुळे हा उत्साह माझ्या ओळखीचा आहे. तेच ते प्रश्न येतात म्हणून एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न : आमचे जावई कंपनीत सेफ्टीला आहेत. माळ्यावरचा पापडाचा डबा काढायचा तरी 'उंचीवरील कामाचा परवाना' भरायला लावतात. खाली एक माणूस उभा हवा आणि कमरेला पट्टा हवा. पट्टा पंख्याच्या हुकाला अडकवला तर चालेल का?

नाही. त्यासाठी आधी पंखा उतरवावा लागेल, आणि जावईबापू त्याचा परवाना वेगळा मागतील. त्यांना त्यांच्याच प्रशिक्षणातली पहिली ओळ आठवून द्या : धोका मुळातूनच काढता येतो का, ते आधी बघायचं. पट्टा, हेल्मेट, हातमोजे यांचा नंबर आमच्या यादीत सगळ्यात शेवटी लागतो. तेव्हा पापड खाली आणून ठेवा. माळ्यावर दिवाळीचे कंदील ठेवतात, रोज लागणारे पापड नाही. चढायचंच असेल तर घडीची शिडी घ्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर स्टूल नको. आणि चक्कर येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिडीही नको.

प्रश्न : फोडणी देताना गॉगल घालावा का?

मोहरीवर झाकण ठेवा.

प्रश्न : सिलिंडरवर 'डी-२६' लिहिलंय. म्हणजे डिसेंबर २०२६ नंतर गॅस 'एक्स्पायर' होऊन स्फोट होतो, असा मेसेज आलाय.

गॅस म्हणजे दही नव्हे. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत आहे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर आणि डी ऑक्टोबर ते डिसेंबर. मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत करा आणि वितरकाला कळवा. मेसेज पुढे पाठवू नका.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर नियम आलाय की कुकरची शिट्टी होताना सहा फूट लांब उभं राहावं. आमचं स्वयंपाकघर साडेपाच फुटांचं आहे.

मग तुम्ही शेजारणीच्या स्वयंपाकघरात उभ्या राहा आणि तिला तुमच्याकडे पाठवा. अंतर मोजण्यापेक्षा झाकण हातात घ्या. शिट्टी काढा आणि ती बसते ती नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. पलीकडचा उजेड दिसला नाही, तर तिथे मागच्या आठवड्यातलं तुरीच्या डाळीचं साल अडकलेलं असतं. ते सुईने काढा. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा नवीन बसवा. भांड्यांच्या दुकानातला 'सगळ्यांना बसतो' तो नको. रबर कडक झालं असेल तर बदला. डाळ गळ्यापर्यंत भरू नका आणि वाफ जिरायच्या आत झाकणाशी कुस्ती खेळू नका. झाकण नीट बसत नसेल तर दुरुस्तीवाल्याला दाखवा.

प्रश्न : दारावर 'गॅस कंपनीकडून आलोय' म्हणणारे दोघे आले होते. रेग्युलेटरला लावायचं सेफ्टी यंत्र सक्तीचं आहे, नाहीतर कनेक्शन बंद होईल, म्हणाले. घ्यावं का?

घेऊ नका. ओळखपत्र मागा आणि त्यांच्यासमोरच वितरकाला फोन लावा. बहुतेक वेळा फोन लागायच्या आत जिना रिकामा होतो. तुम्हाला बघायची आहे ती नारिंगी नळी. तिच्यावर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षं झाली की बदला. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा आणि दारं-खिडक्या उघडा. विजेचं कुठलंही बटण लावू नका, लागलेलं बंदही करू नका. बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. नळी सोडली तर हे सगळं फुकट आहे.

प्रश्न : यजमान रात्री घरातले सगळे प्लग काढून झोपतात. योग्य आहे का?

फ्रिज सोडून.

प्रश्न : आमच्या बाथरूममध्ये न घसरणारी चटई आहे, दांडा आहे, दारावर 'ओली फरशी' अशी पाटीही आहे. गिझर गॅसचा आहे. थंडीत वारा येतो म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर आतून प्लॅस्टिक चिकटवलंय. हल्ली आंघोळीनंतर मुलीचं डोकं दुखतं आणि मळमळतं. पित्त असेल का?

पाटी राहू द्या. गिझर बंद करा, आत्ता, हे वाचता वाचता.

ज्या घरात सतरा नियम पाळतात, तिथेच हा अठरावा सुटलेला असतो. कोंडलेल्या जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधल्या गॅसला वास असतो, कारण गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. जळून झालेल्या गॅसला तो उरत नाही. म्हणून 'वास तर काहीच येत नाही हो' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पाय गळतात. मग माणूस कडी आतून लावलेल्या दाराआड खाली बसतो आणि बाहेरचे म्हणतात, आज फार वेळ लागला.

लोक याला पित्त म्हणतात, चष्म्याचा नंबर म्हणतात, उपास सोसला नाही म्हणतात, आणि त्यात आठवडे जातात. दुकानदार 'झटपट गरम पाणी' एवढंच सांगतो. बसवणारा जिथे नळ दिसेल तिथे खिळा ठोकतो. मी म्हणतो, हा गिझर बाथरूमच्या आत नकोच. तो बाहेर मोकळ्या हवेत, गॅलरीत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणा. काम जाणकार माणसाकडून करून घ्या. तोवर पाणी शेगडीवर तापवा. प्लॅस्टिक आजच फाडा.

मुलीला आजच डॉक्टरांकडे न्या आणि 'घरात गॅस गिझर आहे' हे आधी सांगा, नाहीतर पित्ताच्याच गोळ्या मिळतील. पुढेमागे कुणी आत पडलेलं आढळलं तर पाणी मारत, कांदा हुंगवत बसू नका. आधी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

तुमच्या उत्तराला जागा जास्त गेली. जाऊ द्या.

प्रश्न : नातवाने आजीसाठी (वय ७८) न कापणारे हातमोजे मागवलेत. विळीवर बसायचं तर ते घालूनच, म्हणतो. आजी ऐकत नाहीत.

त्यांचं बरोबर आहे. विळीचं पातं जागेवर असतं, पाट पायाखाली दाबलेला असतो, हलतो तो फक्त हात, आणि त्या हाताला साठ वर्षांची सवय आहे. भेंडी चिरताना तो मोजा बुळबुळीत होऊन सटकेल, मग खरंच कापेल. नातवाने एवढंच बघावं की काम झाल्यावर विळी मिटून, भिंतीकडे तोंड करून ठेवली जाते. घरात रांगतं बाळ असेल तर ती वरच्या फळीवर ठेवावी. आजींच्या गुडघ्यांचं मात्र हाडांच्या डॉक्टरांना विचारा. मोजे माळ्यावर टाका, पापडाच्या डब्याची जागा रिकामी झाली असेल.